कृपया हात लावू नये

मी दरवाजा बोलतोय. दचकू नका. इतकी वर्षं माणसांनी रागाच्या भरात मला आपटलं, हात भरलेले असले की लाथेनं ढकललं, माझ्याआड उभं राहून गुपचूप रडून घेतलं. तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. आज बोलणार आहे, कारण माझ्याबद्दल बरंच काही बोललं आणि छापलं गेलंय, आणि त्यातलं निम्मं धादांत चुकीचं आहे.

मी काही सागाचा नाही की शिसवाचा नाही. माझ्या फळ्या एका खोक्याच्या. कारखान्यात मोठमोठी यंत्रं खोक्यात बसवून, खिळे ठोकून, ट्रकवर चढवून देण्याचं काम करणारा एक माणूस होता. एकदा उतरवताना खोकं फुटलं. साहेब म्हणाले, ‘ने घरी, चुलीत घाल.’ त्यानं चुलीत घातलं नाही. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, भाड्याच्या घरात स्वयंपाकघराला दार नव्हतं. सुट्टीच्या दिवशी त्यानं फळ्या जोडल्या, मागं आडव्या पट्ट्या मारल्या आणि संध्याकाळपर्यंत मला बिजागऱ्यांवर चढवलं.

तो माणूस खोकी बांधण्यात पटाईत होता, दारं बसवण्यात नाही. माझ्या पाठीवर कारखान्याच्या छापाचा एक मोठा काळा बाण आहे आणि खाली लिहिलंय ‘ही बाजू वर’. त्यानं मला नेमका उलटा बसवला. बाण फरशीकडे.

“अहो, हा बाण कुठं निघालाय?” बायकोनं विचारलं.

“पाताळात. तुला काय, तू ये इकडं, चहा दे.”

शिवाय मी बाहेरच्या अंगाला उघडायचो. स्वयंपाकघराचं दार बाहेर उघडतं का कुठं? पण मी उघडायचो. त्या घराची रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर आमचं घर. दोन खोल्या, त्यांच्यापुढून जाणारा अरुंद पॅसेज. पॅसेजच्या टोकाला डावीकडे स्वयंपाकघर, म्हणजे मी, आणि नाकासमोर एकदम खाली उतरणारा जिना. मी उघडलो की पॅसेजमध्ये आडवा यायचो आणि जिन्याचं तोंड झाकायचो. येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळाला मी कितीदा लागलो असेन, आणि मला किती शिव्या बसल्या असतील, विचारू नका. पण घरातली बाई म्हणायची, “राहू दे तसंच. घरात रांगतं मूल आहे. दार आडवं असलं की जिन्याकडं जात नाही.”

ते रांगतं मूल म्हणजे ठकी. शाळेत नाव वेगळं होतं, पण आईनं ठकी म्हटलं आणि तेच चिकटलं. पुढं ती चाळिशी ओलांडून गेली, तिच्या कामाची छायाचित्रं मासिकांत आली, तरी घरात ती ठकीच.

आई बेकरीत कामाला होती. पहाटे जायची, दुपारी यायची, आणि आल्यावर घरच्या भट्टीत शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी पाव, बिस्किटं भाजायची. हात कायम पिठातुपाचे. स्वयंपाकघरातून बाहेर पडताना ती उजव्या तळव्यानं मला ढकलायची. कडी, मूठ वगैरे भानगडी तिनं कधी वापरल्या नाहीत. एकच जागा, एकच तळवा. आधी तिथं पिवळसर डाग पडला, मग तपकिरी, मग काळा कुळकुळीत. लाकूड तिथं जरा खोलगटही झालं. डागाच्या शेजारी एक उभी भेग गेली होती, बोटाचं पेर आत जाईल एवढी. आईचं बोट जाता येता त्या भेगेत शिरायचं. का, ते तिलाही माहीत नसावं. तुम्ही नाही का उगाच अंगठीशी चाळा करत?

मला तो हात आवडायचा, हे सांगून टाकतो. मी लाकूड आहे, मला काय कळतंय, असं म्हणाल. मला एवढंच कळायचं की दिवसातून कितीतरी वेळा कुणीतरी माझ्यावर भार टाकतंय आणि मला तो पेलतोय.

ठकी चित्रकार झाली. पण ब्रश, रंग, कॅनव्हास असलं तिच्याकडे जवळजवळ काही नव्हतं. ती झिजलेल्या वस्तू गोळा करायची. लोकांच्या न्हाणीघरातल्या साबणाच्या उरलेल्या चकत्या, एका बाजूनं झिजलेल्या चपला, आखूड झालेले झाडू. आणि कागद. वस्तूवर पातळ कागद धरायचा, वरून शिसं घासायचं, की खालची प्रत्येक खाच, प्रत्येक ओरखडा कागदावर उमटतो. असे ढिगानं कागद तिच्या खोलीत होते. जिन्याच्या पायऱ्यांचे, बसच्या दांड्यांचे, शाळेच्या बाकांचे.

“माणूस जे मुद्दाम करतो, ते खोटं असू शकतं,” ती म्हणायची. “नकळत जे झिजवतो, ते खरं. आपण सगळेच आयुष्यभर एक चित्र काढत असतो, फक्त आपल्याला ते माहीत नसतं.”

खाली, सायकल दुकानामागच्या खोलीत, शिवणकाम करणारी मावशी राहायची. ती खो खो हसायची. “मग माझी झिजलेली कढई ने की! त्यातही माझं आयुष्य गेलंय. बदल्यात नवी दे म्हणजे झालं.”

ठकीनं खरंच कढई नेली आणि नवी आणून दिली. मावशीनं त्यानंतर घरातलं सगळं भंगार दाखवून पाहिलं.

मला ठकीचं म्हणणं पटायचं, बरं का. माझ्यावरच तर ते चित्र होतं. हसावं असं त्यात काही नव्हतं.

आता वाईट गोष्टींकडे येतो.

ठकीला एकदा दूरच्या शहरात वर्षभर राहून काम करायची संधी मिळाली होती. मोठा स्टुडिओ, मोठे लोक. ती गेली, आणि थोड्याच दिवसांत बापानं अंथरूण धरलं. ती सगळं सोडून परत आली. बाप गेला तोवर तिकडची जागा दुसऱ्या कुणाला दिलेली होती. तिनं कधी त्याबद्दल हूं की चूं केलं नाही. पण आईच्या मनात ते रुतून बसलं. माझ्याआड उभी राहून ती मावशीला म्हणाली होती, “तिच्या बापापायी एकदा तिचं अडलं. आता माझ्यापायी अडायला नको. माझ्या दुखण्याखुपण्याचं तिला काही सांगायचं नाही, बघ.”

आणि मग आईचे डोळे गेले.

एकदम नाही. काचबिंदू होता. आधी कडेनं अंधार आला, मग तो सरकत सरकत मध्ये आला, आणि शेवटी मधलं भोकही बुजलं. डॉक्टरकडे ती मावशीबरोबर जायची, पण मावशीला बाहेर बसवायची. घरी येऊन सांगायची, “आहे तेवढंच आहे म्हणाले. औषध घाला म्हणाले.” ठकीला वाटायचं, आईला थोडं अंधुक दिसतं. दिसत काहीच नव्हतं.

घरात हे फक्त मला माहीत होतं. कारण हात बदलला.

पूर्वी आई मला आतून ढकलायची आणि चालू पडायची. आता ती तिच्या खोलीतून पॅसेजमध्ये यायची ती उजवा हात पुढं धरून. मी उघडा, आडवा असायचो. तिची बोटं आधी माझ्या फळीला लागायची, कधी वर, कधी खाली, मग आडवी सरकत भेगेपर्यंत यायची. बोट भेगेत शिरलं की तिला हुश्श व्हायचं. मग डावीकडे वळून ती स्वयंपाकघरात जायची. त्या आडव्या चाचपण्यानं माझ्यावर नवे पट्टे उठले. फिकट, वेडेवाकडे, जुन्या काळ्या डागाच्या आजूबाजूला.

बाकी तिनं असं बेमालूम निभावलं की विचारू नका. डबे जागच्या जागी. सुरी नेहमी उजव्या हाताला. आवाज येईल तिकडे तोंड फिरवायची. एकदा ठकीनं नवा कागद तिच्यापुढं धरला. “बघ आई, कसा झालाय.”

“रंग छान उतरलाय,” आई म्हणाली.

ठकी हसली. “अगं, यात रंगच नाहीये. शिसं आहे नुसतं.”

“मग? काळा काय रंग नाही वाटतं?”

ठकीनं आईच्या गळ्यात हात टाकले. “तुझ्याइतकं नेमकं कुणी बोलत नाही बघ माझ्या कामाबद्दल.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावभरच्या लोकांच्या साबणावरून त्यांचे हात ओळखणारी ती मुलगी, घरातला हात तिला वाचता आला नाही. मी तिला दोष देत नाही. जवळचं वाचायला माणसं अंतरावर जात नाहीत, एवढंच.

एक दिवस घरी एक चष्मेवाला आला. मोठ्या कलादालनात प्रदर्शनं मांडायचा, त्याला क्युरेटर म्हणत. ठकीनं त्याला कागद दाखवले. त्यात माझाही होता, उंचीनं माझ्याएवढा. ‘वा’ म्हणाला, पण ते तोंडदेखलं होतं. मग पाणी प्यायला उठला आणि पॅसेजमध्ये मला थडकला. कपाळ चोळत माझ्याकडे बघतच राहिला.

“हे काय आहे?”

“आमच्या स्वयंपाकघराचा दरवाजा. कागद त्याचाच आहे.”

“अहो, मग कागद कशाला? हाच द्या! याच्यासमोर तो कागद म्हणजे झेरॉक्स.” तो माझ्या मागं गेला आणि त्याला बाण दिसला. “आणि हे बघा. वर म्हणतोय आणि खाली दाखवतोय. सगळं घर मातीकडे चाललंय. काय विचार आहे!”

“तो बाबांनी चुकून उलटा बसवलाय.”

“ते तुम्हाला वाटतं,” तो म्हणाला.

मी मनात म्हटलं, बाबा रे, तो दिवस मी पाहिलाय, त्या माणसाच्या डोक्यात फक्त चहा होता.

ठकी लगेच हो म्हणाली नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. दोन दिवस ती माझ्यासमोर पाट घेऊन बसायची आणि माझ्याकडे नुसती बघायची. तिला ते नवे फिकट पट्टे दिसले होते. ती त्यांच्यावरून बोट फिरवत होती. ते पट्टे कसे पडले असतील, याचा ती विचार करत होती, हे मला तिच्या बोटातून कळत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं ठके, आणखी थोडा विचार कर, आलीस तू जवळ. पण कुरकुरण्यापलीकडे मला येतं काय? मी कुरकुरलो. तिनं बिजागरीला तेल घातलं.

मग तिनं आईला विचारलं. आई तेव्हा माझ्या कडेला धरूनच उभी होती.

“आई, ते लोक आपला दरवाजा मागतायत. प्रदर्शनासाठी. संपलं की परत बसवीन.”

“हा? या फळकुटात काय बघायचंय लोकांना?”

“तुझा हात बघायचाय. इतकी वर्षं तू त्यावर जे काढलंयस ते. मला यापेक्षा चांगलं काही सापडणार नाही, आई. पण तुला नको असेल तर नाही नेणार.”

आईची बोटं माझ्या कडेवर घट्ट झाली. इतकी घट्ट की नखं रुतली. चेहऱ्यावर मात्र ती हसत होती. “मला कशाला नको असेल? ने की. हवे तितके दिवस ने.”

“तोवर पडदा लावते.”

“लाव. फक्त जिन्याकडं...”

“काय जिन्याकडं?”

आई थांबली. मला वाटलं, आता बोलेल.

“काही नाही. वारा येतो जिन्याकडनं.”

“मग जाड पडदा लावते,” ठकी म्हणाली.

सुतार आला. बिजागऱ्या सोडवताना म्हणाला, “बरं झालं काढताय. उलटा उघडतोय. परत बसवाल तेव्हा आत उघडणारा करून देतो.” मला जुन्या चादरीत गुंडाळून टेम्पोत आडवं टाकलं. आई पॅसेजमध्ये उभी होती. मी समोरून गेलो तरी तिनं मान वळवली नाही. टेम्पोच्या आवाजाकडे बघत राहिली.

कलादालनाच्या भिंती पांढऱ्या. फरशी पांढरी. मला एका लोखंडी सांगाड्यावर अर्धवट उघडा उभा केला. ना आजूबाजूला भिंत, ना पलीकडे स्वयंपाकघर. कुठूनच कुठं न जाणारा दरवाजा. पाव भाजल्याचा वास नाही. शेजारी एक फलक लावला होता. त्यावर ठकीनं लिहिलं होतं: ‘आधी ढकलणारा हात. मग विचारणारा हात. म्हातारपणी माणूस स्वतःच्या घरालाही आत येऊ का म्हणून विचारू लागतं.’

लोक ते दोनदा वाचायचे. एक बाई रडली. वाक्य चांगलंच होतं, मी नाही म्हणत नाही. फक्त खरं नव्हतं. आई घराला आत येऊ का म्हणून विचारत नव्हती. ती विचारत होती, जिना कुठं आहे?

उद्घाटनाला ठकी तिला न्यायला निघाली होती. आई म्हणाली, अंग मोडून आलंय. गेली असती तर अनोळखी जागेत तिचं बिंग फुटलं असतं.

पहिल्या दिवसापासून लोक मला हात लावू लागले. साहजिक आहे, हाताची खूण बघून हात आपोआप पुढं होतो. डाग पुसट व्हायला लागला. तेव्हा जुन्या वस्तू जतन करणारी एक बाई आली. हातमोजे घातलेली, हळुवार हातांची, कामाची पक्की. तिनं ठकीला विचारलं, “वर पारदर्शक लेप देऊ का? खूण कायमची टिकेल. आणि ती भेगही भरते, नाहीतर फळी फाटत जाईल.”

ठकी म्हणाली, “खूण टिकायलाच हवी.”

लेप चढला. भेग लुकणानं भरली, वरून रंग असा जुळवला की डोळ्याला कळू नये. समोर दोरी बांधली आणि पाटी लावली, ‘कृपया हात लावू नये’. मी जन्मात पहिल्यांदा असा एकटा पडलो. दिवसभर शेकडो डोळे, आणि हात एकही नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. नंतर मावशीनं ठकीला, ठकीनं मावशीला पुन्हा पुन्हा सांगितलं, ते कानावर आलं.

मी गेल्यावर, ठकी आसपास नसली की, आई भिंतीला पाठ लावून पॅसेजमधून सरकायची. पाय पुढं घासत, जिन्याची कड पायाच्या बोटानं शोधत. फार जपून. तसं तिनं आणखी महिना काढला असता, वर्षही काढलं असतं.

पण एका सकाळी पेपरात माझा फोटो आला. ठकी कोपऱ्यावरून पेपर घेऊन धावतच आली आणि जिन्याच्या खालूनच ओरडली, “आई! अगं आई! तुझा दरवाजा पेपरात आलाय! तुझा हात छापलाय त्यांनी!”

आई खोलीत होती. आनंदानं तिला भान राहिलं नाही. भिंत सोडली, सरकणं सोडलं, आणि पूर्वीसारखी भरभर पॅसेजमधून निघाली, उजवा हात पुढं धरून. मी तिथं असेन म्हणून.

ठकीनं खालून पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी आई हसत उभी आहे. तिचा हात हवेत आडवा फिरतोय, काहीतरी शोधतोय. वर, खाली, मग सरळ रेषेत. ते पट्टे ठकीनं कितीदा कागदावर उतरवले होते. ते तिला आता हवेत दिसले, आणि त्या क्षणी सगळं कळलं. ती “थांब!” म्हणाली की नाही, तिला आठवत नाही. आईनं हाताला काही लागलं नाही म्हणून आणखी एक पाऊल पुढं टाकलं.

दुसऱ्या दिवशी ठकी दालनात आली. केस विस्कटलेले, अंगावर कालचेच कपडे. दोरीखालून वाकून माझ्याजवळ आली, डोळे मिटले आणि हात पुढं केला. तिची बोटं माझ्यावरून सरकली. वर, खाली, आडवी. भेग शोधत होती. सापडली नाही.

“मॅडम, हात लावू नका,” पहारेकरी म्हणाला. मग त्यानं तिला ओळखलं आणि ओशाळला. “तुम्हीच आहात होय? तरी नको, मॅडम. बाकीचेही लावतील मग.”

ठकी तिथंच खाली बसली. “हा दरवाजा होता,” ती त्याला म्हणाली. “दरवाजा होता हो नुसता. आणि मी त्याचं चित्र केलं.” त्या बिचाऱ्यानं पाणी आणून दिलं.

चष्मेवाला आला. त्याला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. तिच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. पण जातीवर गेलाच. “तुम्ही सावरलात की बोलू. आता या कामाला एक वेगळीच खोली आलीय. फलकावर दोन ओळी वाढवायला हव्यात.”

“दरवाजा घरी पाठवा,” ठकी म्हणाली.

“प्रदर्शन अजून...”

“आज पाठवा.”

मी घरी आलो तेव्हा आई पलंगावर होती. खुब्याचं हाड मोडलेलं, हृदय अशक्त, शस्त्रक्रिया झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला दिसत नाही, हे आता सगळ्यांना माहीत होतं. मी सुताराच्या खांद्यावरून आत आलो तेव्हा ठकी तिचा हात धरून बसली होती.

“का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर नेला असतास का?”

ठकीनं तिच्या हातावर कपाळ टेकलं.

“मग? कळलं ना. एकदा अडलं होतं तुझं. पुरे झालं.”

ठकीनं मला पलंगाशेजारी भिंतीला टेकवून उभं केलं, आतली बाजू आईकडे करून. मग आईचा उजवा हात उचलून माझ्यावर ठेवला आणि गप्प राहिली. ओळखेल म्हणून.

तो हात! सुकला होता, पण तोच. मी श्वास रोखून धरला, दरवाज्याला असतो तेवढा. बोटं फळीवरून सरकली, जुन्या जागी आली, भेगेपाशी थांबली, इकडे गेली, तिकडे गेली.

“काय आणलंस गं हे? कपाट?”

“आई, नीट बघ ना.”

“छान आहे हो. गुळगुळीत आहे. कशाला पण? मी आता कपाटात काय ठेवणार?”

“आई, हा आपला दरवाजा आहे.” ठकीनं तिचं बोट पुन्हा डागावर टेकवलं. “आपलाच आहे, शप्पथ.”

आई हसली. “म्हातारीला फसवतेस होय? माझ्या दरवाज्याला भेग आहे. बोट जातं आत.” आणि मग थोडी घाबरून, “का गं? तिकडनं परत पाठवला की काय? माझ्यामुळं बंद केलंस का सगळं?”

मी इथंच आहे! मीच तो! मी आतल्या आत एवढा ताणलो की मागची एक पट्टी कटकन वाजली. आईचा हात क्षणभर थबकला. मला वाटलं, ऐकलं तिनं. पण तिनं हात काढून घेतला आणि छातीवर ठेवला.

ठकीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर तो काळा डाग लखलखत होता, लेपाखाली जसाच्या तसा. पट्टेही होते. डोळे असलेल्या कुणालाही दिसले असते.

“नाही आई,” ती म्हणाली. “बंद नाही केलं. दरवाजा तिकडेच आहे. हे कपाटच आहे. मी गंमत केली.”

“बघायला येतात लोक?”

“खूप येतात. रांग असते.”

“हात लावतात का?”

“लावतात.”

“लावू दे,” आई म्हणाली. “नको म्हणू नकोस कुणाला.”

त्यानंतर मावशी भेटायला आली की आई तिला सांगायची, “माझा दरवाजा तिकडं आहे. पेपरात आलाय.” मावशी माझ्याकडे बघायची, ठकीकडे बघायची आणि पदर डोळ्याला लावायची. मी तिथंच, तिच्या हाताच्या अंतरावर, कपाट म्हणून उभा होतो. एक दिवस दुपारी, चहा निवत असताना, आई गेली. तिचा हात पलंगावरून खाली लोंबत होता. माझ्यापर्यंत पोचला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर ठकीनं स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि भेगेतलं लुकण टोकरून काढलं. तासन् तास, अगदी हळू. लेपाला तिनं हात लावला नाही. तो काढायचा तर खालचा डागही जातो, आणि ठेवायचा तर हाताला लाकूड लागत नाही. शेवटी तिनं तो तसाच ठेवला.

सुतार आला. म्हणाला, “आत उघडणारा करू ना?” ती म्हणाली, “नको. होता तसाच.” बाणही होता तसाच, पाताळाकडे.

आता मी पुन्हा माझ्या जागी आहे. समोरच्या खोलीतले कागद गुंडाळून ठेवलेत. चष्मेवाल्याचा फोन वाजतो, वाजून थांबतो. ठकी दिवसातून कितीदा तरी पॅसेजमधून येते, डोळे मिटून, हात पुढं धरून. तिची उंची जास्त, त्यामुळं तिचा हात आईच्या जागेपेक्षा चार बोटं वर पडतो. मग तो खाली येतो आणि भेग शोधतो. बोट आत गेलं की ती थांबते. कधी कधी तिथंच उभी राहून रडते. मला त्याची सवय आहे.

तुम्हाला एकच सांगायचंय, मग मी गप्प होतो. तुमच्याही घरात कुणाचा तरी हात कशावर तरी टेकत असेल. भिंतीवर, खुर्चीच्या पाठीवर, असल्याच एखाद्या फळकुटावर. ते चांगलं दिसतं म्हणून बघत उभे राहू नका. त्या माणसाला विचारा, का टेकतेस? आणि ‘काही नाही, वारा येतो’ असं उत्तर आलं, तर पुन्हा विचारा.

मी दिवसभर उघडाच असतो, पॅसेजमध्ये आडवा, जिन्याचं तोंड झाकून. मला आता दुसरं काही जमत नाही. ज्या माणसाला अडवायचं होतं, ते निघून गेलंय.